सासुरवाडीच्या रस्त्यावरील टायर-वर्तनाची निर्दोष चाचणी

जी गोष्ट करायची आहे ती सरळ करून टाकणे, हा मागासलेल्या समाजाचा सर्वांत मोठा दोष आहे. माणूस नदीत उतरतो आणि मग त्याला कळतं की आपल्याला पोहता येत नाही. सुधारलेला समाज असं करत नाही. तो आधी चाचणी घेतो, चाचणीचा अहवाल काढतो, मग त्या अहवालातल्या त्रुटींची चाचणी घेतो, आणि एवढं सगळं होईस्तोवर मूळ गोष्ट करायची गरज बहुधा उरलेली नसते. यात श्रम वाचतात, अपघात टळतात आणि चारचौघांत कोणाचं नाक कापलं जात नाही. या बाबतीत भंडारा जिल्ह्यातलं लाखनी हे गाव देशाच्या कितीतरी पुढे निघून गेलेलं आहे. त्याचं सगळं श्रेय मारोतराव सेलोकर यांच्या शर्यतीच्या मोटारीला जातं, जी अद्याप जागची हललेली नाही.

मारोतराव धानाचे व्यापारी. हायवेला लागून दुकान, दुकानामागे घर, घरामागे गुरांचा कोठा, आणि त्या कोठ्यात म्हशीच्या शेजारी एक लांब नाकाची, बिनछपराची, दोन सीटची जुनी मोटार. नाकाडोंगरीकडे मँगनीजच्या खाणीवर कोणे एके काळी एक गोरा साहेब होता, त्याला शर्यतीचा भारी नाद. साहेब विलायतेला परत गेला तेव्हा त्याच्या सामानाचा लिलाव झाला. मारोतरावांचे वडील त्या लिलावात लोखंडी तिजोरी घ्यायला गेले आणि मोटार घेऊन आले. (तिजोरी दुसऱ्याने घेतली. ती अजून चालू आहे.) दोन सीटांपैकी एक चालवणाऱ्याची. दुसरी, शर्यत चालू असताना बाजूला बसून तेलपाण्याकडे लक्ष ठेवणाऱ्या मिस्त्रीची. मारोतरावांनी ही दुसरी सीट लग्नाच्या दिवशीच बायकोच्या नावे करून टाकली होती, आणि त्यालाही कारण घडलं होतं.

लग्न पवनीच्या चंद्रकलेशी ठरलेलं. नवरदेव शर्यतीच्या मोटारीतून निघाला. पवनीची वेस येईपर्यंत सगळं दृष्ट लागण्यासारखं चाललं, आणि नेमकी वेशीत मोटारीला उचकी लागली. दोन उचक्या देऊन ती थांबली, ती थांबलीच. वऱ्हाड्यांनी धक्का मारला. वाजंत्र्यांनी वाजवणं थांबवून धक्का मारला. शेवटी नवरीच्या बापाने स्वतःची बैलजोडी आणून पुढे जुंपली आणि जावई शर्यतीच्या मोटारीत ताठ बसून बैलाच्या चालीने मांडवात पोचला. नवरीची थोरली बहीण मालनबाई ओवाळायला उभी होती. तिला पवनीतच दिलेली, जिभेला तिखट, मनाने बरी. तिने ओवाळता ओवाळता विचारलं, "जवाईबापू, तुमी मोटारीले आणलं का मोटारीनं तुमाले आणलं, का बैलानं दोघाईले?"

सगळा मांडव हसला. भटजीसुद्धा हसले, आणि ते तर लाखनीहून आणलेले होते. मारोतरावांनी तिथेच, डोक्यावर अक्षता पडायच्या आत, मनाशी ठरवलं की एक दिवस याच मोटारीत, बाजूला चंद्रकला बसवून, बैलाबिगर मालनबाईच्या दारात जाऊन उभा राहीन. नाही तर बापाचं नाव लावणार नाही.

त्यानंतर चाळीसहून अधिक दिवाळ्या गेल्या. दर दिवाळीला मालनबाई विचारायची, "का जवाईबापू, मोटार?" आणि मारोतराव एसटीतून उतरता उतरता म्हणायचे, "पुढच्या साली." या एका प्रश्नाने ते दरवर्षी मनातल्या मनात पोळत, आणि दरवर्षी पोळून झालं की थंड होत.

मग एका उन्हाळ्यात मालनबाई न्हाणीत पडली. खुब्याचं हाड गेलं. ती खाटेला खिळली, आणि तिने खाट हट्टाने ओसरीत, रस्त्याकडे तोंड करून मांडून घेतली. फोनवर ती रोज धाकट्या बहिणीला विचारू लागली, मोटार कधी येते. चंद्रकलाबाईंनी एक दिवस नवऱ्याला सांगितलं, "अजी, बाई आता टोमणा नाई मारून राहिली. खरंच वाट पाहून राहिली."

मारोतरावांच्या काळजाला ते लागलं. त्यांनी तुमसरवरून जुना मिस्त्री आणवला. मिस्त्री कोठ्यात दोन दिवस राहिला आणि तिसऱ्या दिवशी मोटार चालू झाली. तिचा आवाज ऐकून म्हशीने पान्हा चोरला आणि शेजारची पोरं पळून गेली. चंद्रकलाबाईंनी जाण्यासाठी वाळवलेली अंबाडीची भाजी आणि मोहाचे लाडू बांधायला घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं ठरलं. एखाद्या मागासलेल्या गावात गोष्ट इथेच संपली असती.

परंतु घरात वीरेंद्र होता. वीरेंद्र हा मारोतरावांचा मुलगा. पुण्याच्या एका कंपनीत तो कॉम्प्युटरवर टायर तपासायचा आणि सध्या तेच काम घरून करत होता. त्याच्या कामात टायरला हात लावावा लागत नाही. (त्याच्या कंपनीत टायरला हात लावणाऱ्यांचा पगार कमी असतो.) तो कोठ्यात आला, मोटारीभोवती एक फेरी मारून म्हणाला, "बाबूजी, इंजिन चालू झालं म्हणजे काईच नाई झालं. वळणावर टायर कसा वागते, हे कोणी पाहिलं का?"

कोणी पाहिलं नव्हतं.

"येवढी मोठी गाडी रस्त्याले टेकून कुठी राहते? तर टायरवर, तळहातायेवढ्या जागेत. ते तळहातायेवढं सुटलं का सारं गेलं. आपण आधी सिम्युलेशन करू. पडद्यावर हाच रस्ता, हीच गाडी, हेच टायर. पडद्यावर पलटली तं कोणाचं काई जात नाई."

आता खरी गोष्ट सांगायची तर मारोतरावांना रात्रभर झोप नव्हती. डोळे मिटले की पवनीची वेस यायची आणि वेशीत उचकी. पडद्यावर पलटली तर कोणाचं काही जात नाही, हे वाक्य ऐकलं आणि त्यांच्या छातीवरचा चाळीस किलोचा धानाचा कट्टा कोणीतरी उचलून खाली ठेवला. त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलं, "लाडू डब्यात भर वो. आठवडाभर लागन."

देवघराशेजारच्या खोलीत तीन पडदे लागले. पडद्यापुढे स्टीअरिंग म्हणून वीरेंद्रने बाजारातून एक प्लास्टिकचं चाक मागवलं होतं, पण त्याने हाताला खरी जाणीव येईना. म्हणून मोटारीचं स्टीअरिंग काढून आणलं. मग बसायला खरी सीट आणली. मग पायाला अंदाज यावा म्हणून ब्रेक आणि क्लचही सोडवून आणले. टायर मोजमापासाठी उतरवले आणि मोटार विटांवर उभी केली. चाचणी जसजशी खरी होत गेली तसतशी मोटार कमी होत गेली, आणि हे कोणत्याही गंभीर संशोधनाचं पहिलं लक्षण असल्याचं वीरेंद्रने सांगितलं.

पहिल्याच दिवशी मारोतराव पडद्यावर सुसाट निघाले आणि विनाअपघात पवनीला पोचले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तेवढ्यात कुलदीप आला. कुलदीप म्हणजे मारोतरावांचा पुतण्या, त्याचं बियाणं-खताचं दुकान. तो पडद्याकडे पाहून म्हणाला, "काका, रस्त्यावर धान कुठी हाये?"

जिल्ह्यात धान निघालं की डांबरी रस्त्याचा अर्धा भाग धान वाळवायला असतो आणि उरलेला अर्धा वाळलेलं धान पोत्यात भरायला. त्यातून जागा उरली तर वाहनं जातात. धानाशिवायचा रस्ता म्हणजे निव्वळ कल्पनाविलास. चाचणी रद्द झाली आणि तिथल्या तिथे एक समिती स्थापन झाली. अध्यक्ष मारोतराव, तांत्रिक सचिव वीरेंद्र, धान-सल्लागार कुलदीप. चंद्रकलाबाईंकडे चहा.

समितीने पडद्यावरच्या रस्त्यावर धान पसरलं आणि पहिल्याच वळणावर मोटार तीन गिरक्या घेऊन तळ्यात गेली. कुलदीपने हरकत घेतली की सगळं धान सारखं नसतं. त्यावर जातवार चाचण्या झाल्या. निष्कर्ष असे निघाले: एक हजार दहाच्या जाड दाण्यावर टायर डगमगतो, पण सावरतो. एचएमटीवर सरळ चालतो आणि थांबायच्या वेळी थांबत नाही. चिन्नोरवर पकड सर्वांत कमी. (चिन्नोर सुवासिक असल्याने घसरताना मन प्रसन्न राहतं, असा शेरा धान-सल्लागारांनी आपल्या अधिकारात मारला आहे.) ओल्या धानावरची चाचणी पावसाळ्यापर्यंत आणि सुक्या धानावरची फेरचाचणी पुढच्या हंगामापर्यंत राखून ठेवण्यात आली.

नंतर शिवीचा प्रश्न आला. धानावर गाडी घातली की धान पायाने फिरवणारी बाई शिवी देते, हे सर्वांनाच मान्य होतं. वीरेंद्रचं म्हणणं, शिवीचा टायरवर परिणाम होत नाही. कुलदीपचं म्हणणं, शिवी ऐकली की चालवणाऱ्याचा हात हालते, हात हालला का टायर हालते. हे शास्त्रशुद्ध होतं. तेव्हा शेजारच्या सुशीलाबाईंना बोलावून शिवी रेकॉर्ड करायचं ठरलं. सुशीलाबाईंनी चहा घेतला आणि कारण नसताना शिवी देणार नाही म्हणून साफ सांगितलं. संशोधनासाठी कुलदीपला आपली मोटारसायकल त्यांच्या धानातून न्यावी लागली. त्या दिवशी मिळालेला नमुना इतका अस्सल होता की त्यातला फक्त पहिला भाग वापरता आला.

मग वळणं, मग गावोगावच्या लोकांनी आपापल्या हाताने बांधलेले गतिरोधक, मग मागचा लाल दिवा नसलेली ट्रॅक्टरची ट्रॉली. शेवटी भार. बाजूच्या सीटवर माणूस बसला की गाडी त्या बाजूने दबते. वीरेंद्रने आईला विचारलं, "आई, तुयं वजन किती?"

"कायले पायजे?"

"तुले गाडीत बसवाचं हाये."

चंद्रकलाबाईंना बरं वाटलं. त्यांनी पदर सारखा केला आणि त्या दुकानातल्या धानाच्या काट्यावर जाऊन उभ्या राहिल्या. दीड कट्ट्याला थोडं कमी भरलं. वीरेंद्रने ते पूर्ण दीड कट्टा धरलं आणि बाजूच्या सीटवर टाकलं. चंद्रकलाबाईंनी पडद्यावर वाकून पाहिलं. सीट रिकामीच होती.

"मी कुठी हावो?"

"आई, वजन टाकलं नं. चेहऱ्यानं टायरले काई फरक नाई पडत."

त्या चहा टाकायला गेल्या.

समितीची कीर्ती पसरली. संध्याकाळी देवघराशेजारी रांग लागू लागली. लाखनीतल्या ज्या लोकांचा पवनीशी काडीचा संबंध नव्हता तेही रोज पवनीला जाऊन येऊ लागले आणि पानठेल्यावर सांगू लागले की तिकडचा रस्ता आता पहिल्यासारखा नाही राहिला. मारोतराव तर इतके तरबेज झाले की चहा पिता पिता पवनी गाठत. वेशीत एकदाही उचकी लागली नाही. सत्तरीत माणसाचा चेहरा असा उजळलेला क्वचित दिसतो. आपण खरोखर जाऊन येतो आहोत, असं त्यांना मनापासून वाटू लागलं होतं, आणि यात लबाडी काही नव्हती.

मालनबाईचा फोन रोज येत होता. "निघाले का वो?" चंद्रकलाबाई सांगत, "टायरचं पाहून राहिले." मालनबाई म्हणे, "बरं, पाहू दे," आणि खाट थोडी अजून रस्त्याकडे सरकवून घेई. हल्ली तिचं जेवण कमी झाल्याचं तिची सून प्रतिक्षा हळूच सांगायची.

सरतेशेवटी चाचणी पूर्ण झाली. टायर धानावर, वळणावर आणि शिवीतही पकड सोडत नाही, असं समितीने एकमताने जाहीर केलं. नारळ फुटला. टायर मोटारीला चढवण्यासाठी सगळे कोठ्यात गेले, आणि टायर कुठे दिसेनात. कोठा पालथा घातला. तणसाचे भारे उपसले. म्हशीच्या पोटाखालीही एकाने वाकून पाहिलं.

टायर अंगणात होते. अवकाळी पावसाच्या वेळी धानाच्या ढिगावर ताडपत्री टाकली, तेव्हा ती उडू नये म्हणून चार कोपऱ्यांवर चार टायर ठेवले होते. तेव्हापासून ते तिथेच होते. रोज सगळी समिती त्यांच्या बाजूने चहाला जात होती.

"मीच ठेवले," चंद्रकलाबाई म्हणाल्या. "वावधन सुटलं होतं. तुमी सारे पडद्यावर होते. मी हाका मारल्या."

वीरेंद्रने टायरभोवती फेरी मारली. मारोतरावांना आशा वाटली की आता तरी पोरगा म्हणेल, चढवा. कारण एवढ्या वादळात टायर धानावरून तसूभर हलले नव्हते आणि यापेक्षा पकडीचा मोठा पुरावा कुठून आणायचा? पण त्याच वेळी त्यांना पवनीची वेस दिसू लागली, आणि आशेबरोबर भीतीही वर आली. वीरेंद्र म्हणाला की उन्हापावसात रबराचा गुण बदलला, आता जुना निष्कर्ष लागू होत नाही, चाचणी पहिल्यापासून घ्यावी लागेल. मारोतरावांनी सुस्कारा सोडला. तो दुःखाचा आहे असं सर्वांनी धरलं.

त्याच दिवशी प्रतिक्षाचा फोन आला. सासूबाईंनी कालपासून अन्न घेतलं नाही, मावशीला पाठवा, असं ती म्हणत होती. वीरेंद्रला यावर लगेच उपाय सुचला. मोटार पडद्यावर पवनीला नेऊ आणि मालनमावशीला फोनवर दाखवू. तिचीही इच्छा पुरी, चाचणीही चालू. सगळ्यांना तो पसंत पडला. उंटावरून शेळ्या हाकाव्या आणि शेळ्यांनाही कळू नये, इतकी ती युक्ती चांगली होती.

प्रतिक्षाने तिकडे फोन खाटेसमोर धरला. इकडे मारोतराव खऱ्या सीटवर बसले, खरं स्टीअरिंग धरलं आणि निघाले. अशी मोटार त्यांनी कधीच चालवली नव्हती. धान आलं, त्यांनी अलगद कडेने काढलं. शिवी आली, हात हलला नाही. वेस आली. मारोतरावांच्या कपाळावर घाम आला. मोटार वेशीतून सुळकन आत गेली, गल्लीत वळली आणि मालनबाईच्या दारात उभी राहिली. वीरेंद्रने फोटोवरून दार हुबेहूब काढलं होतं, उंबऱ्यावरच्या तोरणासकट.

मालनबाईने मान पुढे करून पाहिलं. मग म्हणाली, "जवाईबापू, आले बाप्पा तुमी. बिनाबैलाचे आले."

मारोतरावांना रडू फुटलं. त्यांनी स्टीअरिंग सोडून दोन्ही हातांनी तोंड झाकलं. इतक्या वर्षांचं सगळं त्या एका वाक्याने धुऊन निघालं होतं.

"अन् चंद्रा कुठी हाये?" मालनबाईने विचारलं.

"मावशी, बाजूच्या सीटवर हाये नं," वीरेंद्र म्हणाला. "तिचं वजन टाकलं हाये."

"मंग उतरव ना तिले. इथं माह्याजवळ बसव."

टायरच्या चाचणीत दार उघडण्याची तरतूद नसते, हे वीरेंद्रला समजावून सांगता आलं असतं. पण तो पडद्यावर दार उघडायचं बटण शोधू लागला. मालनबाई पुन्हा म्हणाली, "उतर वो चंद्रा. किती वेळ बसशीन?"

चंद्रकलाबाई खोलीच्या दारात उभ्या होत्या. त्यांनी आत जाऊन लुगडं बदललं, लाडवांचा डबा पिशवीत टाकला आणि बाहेर आल्या.

"मी जाऊन राहिली. अड्याळवरून जाते ते एसटी भेटन मले."

मारोतराव सीटवरून अर्धे उठले. आपणही जावं, आत्ता या क्षणी, एसटीने का होईना, असं त्यांना फार वाटलं. त्यांनी जोडे शोधले. तेवढ्यात वीरेंद्रने पडद्याकडे पाहून हाक मारली. आई जाणार म्हणून त्याने बाजूच्या सीटवरचा दीड कट्टा काढून टाकला होता आणि मोटार आपोआप डावीकडून उचलली गेली होती. "बाबूजी, पाहा तं. वळणावर पकड वाढली."

"खरंच का?" मारोतराव म्हणाले, आणि फक्त एकदा पाहावं म्हणून बसले.

चंद्रकलाबाई अजून पवनीलाच आहेत. खाटेजवळ बसून बहिणीला घासघास भरवतात, आणि मालनबाई थोडं खाऊ लागली आहे असं कळतं. समितीच्या ताज्या अहवालात नमूद आहे की बाजूच्या सीटवरील भार कमी झाल्याने टायरच्या वर्तनात लक्षणीय सुधारणा झाली असून ती कायम टिकवण्याचा समितीचा प्रयत्न राहील. मारोतराव रोज पवनीला जातात, कधी दोन वेळा. मालनबाईच्या दारात मोटार उभी करतात आणि दार उघडायची वाट पाहतात. चहा आता कुलदीप करतो आणि तो चांगला होत नाही.

मारोतरावांचं वाचकांना हसू आलं असेल. खुशाल हसावं. फक्त एवढं आठवून पाहावं की तुम्ही हे वाचत असताना मघाशी आतून कोणीतरी तुम्हाला हाक मारली होती. तुम्ही मान वर न करता "आलो, आलो" म्हणालात. आवाज इतका खात्रीचा होता की हाक मारणाऱ्या माणसाने समोरचा पाट तुमच्यासाठी सरकवला. तो माणूस अजून तिथेच बसला आहे, आणि तुम्ही इथे.